श्रेयनामावलीच्या पलीकडे : प्रादेशिक चित्रपट आणि संस्थेचे कर्तृत्व

१

साहित्यकृतीला जसा लेखक, तसा चित्रपटाला दिग्दर्शक, हे समीकरण आपल्या समीक्षाव्यवहारात इतके रुळले आहे की ते एक सैद्धांतिक गृहीतक आहे याचा विसर पडावा. फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५४ साली फ्रेंच चित्रपटातील पटकथाप्रधान परंपरेवर जो हल्ला चढवला आणि अँड्र्यू सॅरिस यांनी १९६२ साली त्याच भूमिकेला जे सिद्धांताचे रूप दिले, त्यातून ‘कर्ता-दिग्दर्शक’ ही संकल्पना स्थिरावली. विशेष म्हणजे त्यानंतर काही वर्षांतच रोलाँ बार्थ आणि मिशेल फूको यांनी साहित्याच्या क्षेत्रात लेखक या संस्थेचीच कठोर तपासणी केली. ती तपासणी आपण साहित्यापुरती स्वीकारली आणि चित्रपटाविषयी बोलताना मात्र जुन्याच समीकरणाचा आधार घेत राहिलो. संहिता लेखकापासून मोकळी झाली. चित्रपट दिग्दर्शकाच्या सहीखालीच राहिला.

या समीकरणाने काय झाकले जाते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. प्रादेशिक भाषांतील, व्यापारी वितरणव्यवस्थेच्या बाहेर घडलेल्या चित्रपटांच्या मागे बहुधा एखादी संस्था उभी असते. ती कधी फिल्म सोसायटी असते, कधी सहकारी मंडळी, कधी वर्गणीवर चालणारा गट. नफा हा तिचा हेतू नसतो आणि चित्रपट तयार झाल्यावर तिचे नावही फारसे उरत नाही. सभागृह मिळवणे, रिळांचे डबे स्थानकावरून सोडवून आणणे, पावतीपुस्तके छापणे, परवानग्यांसाठी खेटे घालणे, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणे ही तिची कामे. समीक्षा त्यांना ‘पार्श्वभूमी’ म्हणते आणि पहिल्या परिच्छेदानंतर सोडून देते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३४ साली ‘निर्माता म्हणून लेखक’ या व्याख्यानात एक महत्त्वाचा भेद केला होता. एखादी कृती आपल्या काळातील उत्पादनसंबंधांविषयी काय म्हणते, एवढे विचारून पुरत नाही. त्या संबंधांच्या आत ती स्वतः कोठे उभी आहे, हे विचारले पाहिजे. हा प्रश्न हाती घेऊन १९६५ ते १९८६ या दोन दशकांतील चार उदाहरणे येथे तपासावयाची आहेत : केरळातील ‘चित्रलेखा’, पुण्यातून निघालेली ‘युक्त’ ही सहकारी संस्था, गुजरातेतील दूध उत्पादकांनी निर्मिलेला ‘मंथन’ आणि कोळिकोडचा ‘ओडेसा’ हा गट. संस्था कृतीच्या केवळ मागे असते की कृतीच्या आत, रचनेतही उतरते, हे या चारही ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने दिसते.

२

या इतिहासाचा आरंभ निर्मितीपासून नव्हे, पाहण्यापासून होतो. १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी स्थापन केली. डिसेंबर १९५९ मध्ये देशातील अशा विखुरलेल्या मंडळांचा महासंघ झाला. राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे हे संयुक्त चिटणीस होते. यांपैकी अध्यक्षांवर ग्रंथ लिहिले गेले. मुंबईत जन्मलेल्या, पाटण्याच्या आणि पुढे दिल्लीच्या फिल्म सोसायटीच्या उभारणीत अग्रभागी असलेल्या विजयाबाईंचे (१९२१-२०१९) नाव मराठी वाचकाला आठवले, तर ते ‘एक अनेक और एकता’ (१९७४) या बालचित्रपटामुळे. महासंघाच्या चिटणिसाचे काम मात्र कोणत्याही एका कृतीच्या नावे जमा होत नाही. चित्रपट एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहणे, हीच त्याची निष्पत्ती असते, आणि ती ठीक चालू असेल तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच सुमारास शासनही या क्षेत्रात उतरले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ साली केलेल्या शिफारशींना दहा-पंधरा वर्षांनी फळे आली. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आणि पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था, तर १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. कर्ज देणारी, शिकवणारी आणि जपणारी अशा तीन सरकारी यंत्रणा उभ्या राहिल्या. परंतु कर्ज घेण्यास पात्र अशी संस्था कोठून यावी आणि तयार झालेला चित्रपट पाहणारा प्रेक्षक कोणी घडवावा, हे दोन प्रश्न या तिन्ही यंत्रणांच्या कक्षेबाहेर राहिले. ती पोकळी विनानफा संस्थांनी भरली. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेले ‘प्रभात चित्र मंडळ’ हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. ते निर्मितीत उतरले नाही. प्रेक्षक घडवणे हेच त्याने आपले कार्य मानले.

३

केरळात मात्र पाहणाऱ्यांची संस्था करणाऱ्यांची संस्था झाली. पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले अडूर गोपालकृष्णन यांनी १९६५ साली कुळत्तूर भास्करन नायर आणि इतर सहकाऱ्यांसह तिरुवनंतपुरम येथे चित्रलेखा फिल्म सोसायटी स्थापन केली. तिला जोडूनच चित्रपटाची निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही अंगांना हात घालणारी सहकारी संस्था उभी राहिली. प्रेक्षक, साधने आणि भांडवल या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणण्याची ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती.

‘चित्रलेखा’चा पहिला कथापट ‘स्वयंवरम्’ १९७२ साली पूर्ण झाला. संस्थेची स्थापना आणि पहिली कृती यांत सात वर्षांचे अंतर आहे. दिग्दर्शकाच्या चरित्रात ही सात वर्षे ‘प्रतीक्षेची’ ठरतात. संस्थेच्या इतिहासात तीच सर्वांत भरीव आहेत. या काळात चित्रपट दाखवले गेले, माहितीपट करून गाठीला पैसा बांधला गेला आणि सभासद जमवले गेले. अडीच लाख रुपयांच्या आसपास खर्च आलेल्या या चित्रपटासाठी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने दीड लाखाचे कर्ज दिले. उरलेला भार संस्थेने उचलला. पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला फारसा प्रेक्षक मिळाला नाही. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री (शारदा) आणि छायाचित्रण (मंकड रवि वर्मा) असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि कर्ज फिटले. एका कृतीच्या मूल्यनिर्णयावर येथे संस्थेचे अस्तित्व अवलंबून होते. पुरस्कार हा दिग्दर्शकाच्या दृष्टीने गौरव होता आणि संस्थेच्या दृष्टीने हप्ता भरण्याची सोय. एकाच घटनेचे हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

आता संहितेकडे वळू. ‘स्वयंवरम्’मध्ये विश्वम् आणि सीता हे दोघे घरच्यांचा रोष पत्करून एका शहरात संसार थाटू पाहतात. नोकरी, भाडे, आजार यांच्या रेट्यात तो संसार खचत जातो आणि अखेरीस विश्वम् मरतो. त्यांच्या पाठीशी कोणी नाही: नातेवाईक नाहीत, संघटना नाही, आसराही नाही. सहकारातून निर्माण झालेली ही कृती सहकाराच्या संपूर्ण अभावाची कहाणी सांगते. संस्था कृतीत आरशासारखी उमटते, असे मानणाऱ्याला हे उदाहरण अडचणीचे आहे, आणि म्हणूनच ते आधी घेतले पाहिजे. निर्मितीची पद्धती आणि कथेचा आशय यांत सरळ प्रतिबिंबाचे नाते नसते. ‘चित्रलेखा’ने दिग्दर्शकाला जो अवकाश मिळवून दिला, त्याचा उपयोग त्याने एकाकीपणाकडे निवांत आणि निर्दयपणे पाहण्यासाठी केला. गाणी-नृत्यांची सक्ती नाही, सुखान्ताची सक्ती नाही. त्या संस्थेची खूण ‘स्वयंवरम्’मध्ये शोधावयाची तर ती कथेत सापडणार नाही. जे करणे भाग पडले नाही, त्यात ती आहे.

१९७७ सालच्या ‘कोडियेट्टम्’नंतर अडूर यांची वाट ‘चित्रलेखा’पासून वेगळी झाली. १९८१ सालचा ‘एलिप्पत्तायम्’ त्यांनी के. रवींद्रनाथन नायर या खासगी निर्मात्याबरोबर केला. दिग्दर्शकाची कारकीर्द अखंड दिसते. संस्थेचा आलेख मात्र येथे तुटतो. कर्त्याच्या नावाने लिहिलेल्या इतिहासात ही तूट दिसणे शक्यच नसते, कारण त्याचा धागा व्यक्तीच्या हाती असतो.

४

१९७६ हे वर्ष मराठी अभ्यासकाला विशेष विचारात घेण्यासारखे आहे. विजय तेंडुलकर यांच्या लेखणीशी निगडित असे दोन चित्रपट त्या वर्षी पुरे झाले, आणि दोन्ही व्यापारी निर्मात्याशिवाय.

त्यांपैकी ‘घाशीराम कोतवाल’ची पूर्वपीठिका नाटकाच्या इतिहासात आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचे प्रयोग एकोणीस प्रयोगांनंतर थांबवण्यात आले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी मार्च १९७३ मध्ये पुण्यात ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि १९७४ च्या आरंभी नाटक पुन्हा उभे केले. म्हणजे ही संहिता टिकावी म्हणून एक नवी संस्था जन्माला यावी लागली. मराठी नाट्यसमीक्षेने ‘घाशीराम’च्या आशयाविषयी, इतिहासाच्या विपर्यासाविषयी आणि लोकनाट्याच्या वापराविषयी विपुल लिहिले. एका संहितेच्या जगण्यासाठी संस्थेचे विभाजन आणि पुनर्घटन घडावे लागते, ही गोष्ट मात्र वादाच्या हकिकतीत विरून गेली.

चित्रपट पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने निर्मिला. दिग्दर्शक म्हणून के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावे आहेत. नाना फडणविसांच्या भूमिकेत थिएटर अकॅडमीचे मोहन आगाशे होते, तर घाशीरामाची भूमिका ओम पुरी यांनी केली. त्यांचा हा पहिला चित्रपट. काळ आणीबाणीचा होता. सत्ता आपले हत्यार कसे घडवते आणि काम सरल्यावर ते कसे टाकून देते, हा नाटकाचा आशय त्या वर्षी आणखी धारदार झाला असणार, हे सांगावयास नको.

‘घाशीराम’ नाटकाच्या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील माणसांची भिंत. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी समूह, कधी पाठ फिरवून निव्वळ आडोसा. पडद्यामागे काय चालले आहे ते झाकणारा पडदाच येथे माणसांचा आहे. झाकण्याची क्रिया प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते. असे नाटक सामूहिक दिग्दर्शनासाठी निवडले जाणे हा योगायोग मानता येत नाही. एका नजरेची मक्तेदारी नाकारणारी निर्मितिपद्धती आणि एका नायकावर स्थिर न होणारी संहिता यांचे येथे खरे नाते जुळते. ‘स्वयंवरम्’मध्ये जे आढळले नाही ते येथे आढळते, आणि ते कथेच्या नव्हे, रचनेच्या पातळीवर.

मात्र पुढे काय झाले? हरिहरन यांचा ‘एळावदु मनिदन्’ (१९८२), स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ (१९८८), मिर्झा आणि कौल यांचे स्वतंत्र चित्रपट यांतून चार कारकिर्दी घडल्या. समीक्षेने ‘घाशीराम’ या कारकिर्दींच्या आरंभी किंवा तळटीपेत टाकला. कधी तो एकाच्या नावावर, कधी दुसऱ्याच्या. समूहाने केलेली कृती कोणाच्या ‘शैली’त बसवावी हे न उमगल्याने ती कोणाचीच राहिली नाही. पुढे या चित्रपटाची प्रत बर्लिन येथील ‘आर्सेनाल’ या संस्थेने जपली आणि अलीकडच्या काळात तिचे डिजिटल रूपांतर केले. पुण्याच्या इतिहासावरील, पुण्याच्या कलावंतांसह, पुण्यात शिकलेल्यांनी केलेला चित्रपट जर्मनीतील एका विनानफा संस्थेच्या कपाटामुळे आजच्या अभ्यासकाला उपलब्ध झाला. यावर हळहळण्यापेक्षा त्याचे कारण पाहावे. कर्ता-दिग्दर्शकाच्या कृतीला वारस असतात. संस्था विखुरली की तिच्या कृतीचा वारस कोण, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

दुसरा चित्रपट श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’. गुजरातेतील सहकारी दूध संघांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो निर्मिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आरंभीच्या श्रेयनामावलीतच हे शेतकरी निर्माते म्हणून येतात. ही निर्मिती शक्य झाली ती दूध संकलनाची यंत्रणा आधीच गावोगाव पोहोचलेली होती म्हणून. पाच लाख माणसांकडून दोन रुपये गोळा करण्याचा खर्च एरवी दोन रुपयांहून अधिक झाला असता. चित्रपटासाठी संस्था उभारावी लागली नाही. उभ्या संस्थेने चित्रपट केला.

कथेत डॉ. राव हा पशुवैद्य गावात येतो, सहकारी संस्था उभी करू पाहतो, गावातील सत्तासंबंधांवर आपटतो आणि निघून जातो. संस्था पुढे चालवतो तो भोला, गावातील दलित वस्तीचा तरुण पुढारी. कार्यकर्त्याच्या जाण्यानंतर संस्था उरते का, हाच कथेचा कळीचा प्रश्न आहे. उत्तर आशादायी असले तरी ते सहज मिळालेले नाही. तेंडुलकरांच्या पटकथेने पतपेढीच्या अहवालातील गुळगुळीत ‘विकास’ टाळून जातीच्या भेगा उघड्या ठेवल्या, हे तिचे यश. तथापि येथे एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. ज्या सहकारी चळवळीने पैसा दिला, तिचीच भलावण चित्रपट करतो. गावातील संघर्षाचे निराकरण सहकारानेच होईल, हे या कृतीचे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. नफ्याचा हेतू नसलेला आश्रय हा आश्रयच असतो. तो आशयाला मोकळा सोडतोच असे नाही. ‘चित्रलेखा’चे अदृश्य राहणे आणि ‘मंथन’मधील दूध संघाचे ठळकपणे दिसणे यांत कलादृष्ट्या अधिक मोकळीक कोठे होती, याचे उत्तर श्रेयनामावलीत मिळत नाही.

५

चौथे उदाहरण सर्वांत अधिक बोलले गेलेले आणि बहुधा सर्वांत कमी तपासले गेलेले आहे. जॉन अब्राहम (१९३७-१९८७) हे पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेत ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ला (१९६९) साहाय्य केल्यानंतर त्यांनी ‘अग्रहारत्तिल कळुदै’ (१९७७) हा तमिळ आणि ‘चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ्’ (१९७९) हा मलयाळम चित्रपट केला. १९८४ साली कोळिकोड येथे मित्रांसह त्यांनी ‘ओडेसा’ हा गट स्थापन केला. नाव आयझेनश्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ची आठवण देणारे. लोकांच्या पैशाने चित्रपट करावयाचा आणि तो लोकांमध्ये नेऊनच दाखवावयाचा, अशी त्यामागील भूमिका होती. गटाची माणसे गावोगाव गेली, ढोल बडवून लोक जमवले, चॅप्लिनचा ‘द किड’ यासारखे चित्रपट दाखवले आणि वर्गणी गोळा केली. त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान्’ तयार झाला.

हे केरळातच का घडू शकले? केवळ एका प्रतिभावंताच्या झपाटलेपणाने याचे उत्तर देता येत नाही. १९४५ पासून तेथे ग्रंथशाळा संघाने गावोगावची वाचनालये एका सूत्रात बांधली होती. १९६२ पासून शास्त्र साहित्य परिषद विज्ञानाचे वाङ्मय आणि पथनाट्ये घेऊन फिरत होती. फिल्म सोसायट्या वीस वर्षे जुन्या होत्या. अनोळखी माणूस पडदा बांधून वर्गणी मागतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवण्याची सवय या जाळ्याने लोकांना लावलेली होती. ‘ओडेसा’ने मागितलेले पैसे एका चित्रपटासाठी होते, ते मिळाले ते चाळीस वर्षांच्या सार्वजनिक पतीवर.

‘अम्मा अरियान्’चे कथासूत्र असे : पुरुषन् हा तरुण दिल्लीला निघताना आईला पत्र लिहीत राहण्याचे वचन देतो. वाटेत, वायनाडच्या डोंगराळ भागात, गळफास लागलेल्या एका तरुणाचे प्रेत त्याच्या दृष्टीस पडते. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. विचारपूस करीत तो मित्रांकडे जातो, आणि तो मृत तरुण हरी नावाचा तबलावादक असल्याचे कळते. त्याच्या आईला कळवण्यासाठी सारे कोचीकडे निघतात. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी आणखी कोणी त्यांना येऊन मिळते. त्यातही पुष्कळांच्या आया आहेत. निघण्याआधी त्यांचा निरोप घेतला जातो. प्रवासाच्या ओघात संप, विद्यार्थ्यांचे आंदोलन, पोलिसी छळ यांच्या आठवणी आणि दस्तऐवजी दृश्ये मिसळत जातात.

या रचनेचे निर्मितिपद्धतीशी असलेले साम्य उघड आहे. गावोगाव थांबत, प्रत्येक ठिकाणी माणसे जोडत, एक बातमी घेऊन चाललेला समूह पडद्यावर दिसतो आणि तसाच पडद्यामागेही होता. वर्गणीची फेरी हीच कथेची फेरी झाली. बेंजामिन यांच्या भाषेत सांगावयाचे तर ही कृती उत्पादनसंबंधांविषयी बोलत नाही, ती त्यांच्या आतूनच आपला आकार घेते. चित्रपटाचा सैलपणा, पात्रांची गर्दी, अनेकांना संवादही नसणे यांवर रचनेतील दोष म्हणून बोट ठेवता येते. मात्र व्यक्तिरेखा ‘उभ्या’ करण्याचा निकष ज्या कादंबरीप्रधान समीक्षेतून आला, तो समूहाच्या कृतीला लावताना निकषच तपासावा लागतो. येथे चेहऱ्यांची भर पडत जाणे हेच कथानक आहे.

३१ मे १९८७ रोजी कोळिकोड येथे इमारतीवरून पडून जॉन अब्राहम यांचा मृत्यू झाला. वय एकोणपन्नास. त्यानंतर लिहिले गेलेले बहुतेक सारे त्यांच्या भटक्या, विक्षिप्त, मद्यासक्त, सर्वस्व उधळून देणाऱ्या व्यक्तिमत्त्वाविषयी आहे. ज्या चित्रपटाने एका नायकाऐवजी समूह मध्यभागी ठेवला, त्याचीच आख्यायिका एका नायकाची झाली. छायाचित्रकार वेणु आणि संकलक बीना पॉल यांची नावे तरी व्यावसायिक श्रेयात आहेत. पुढे बीना पॉल यांनी केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या कलासंचालक म्हणून दीर्घकाळ काम केले, म्हणजे त्या पुन्हा एका अर्थी पडद्यामागेच उभ्या राहिल्या. ढोल बडवणारे, झोळी फिरवणारे, प्रोजेक्टर उचलणारे आणि रात्री पैसे मोजणारे मात्र ‘जॉनचे मित्र’ एवढ्या एका शब्दात संपले. ‘मंथन’मधील डॉ. राव गेल्यावर भोला उरतो. ‘अम्मा अरियान्’च्या इतिहासात भोलाला नाव नाही. जॉन यांच्यानंतरही ‘ओडेसा’च्या नावाने माहितीपट आणि प्रदर्शने होत राहिली, परंतु समीक्षेने तो इतिहास उपसंहार मानला.

६

या चार उदाहरणांवरून काही विधाने करता येतील. संस्था आणि कृती यांचे नाते एकसाची नाही. ‘स्वयंवरम्’मध्ये संस्था अभावरूपाने आहे, ‘घाशीराम’मध्ये ती रचनेशी जुळते, ‘मंथन’मध्ये ती आशयाची दिशा ठरवते आणि ‘अम्मा अरियान्’मध्ये ती स्वतःच कथनाचे रूप घेते. म्हणून ‘पार्श्वभूमी’ हा शब्द अपुरा आहे. हॉवर्ड बेकर यांनी ‘आर्ट वर्ल्ड्स’ (१९८२) या ग्रंथात कलाकृती ही सहकार्याच्या जाळ्याची निष्पत्ती असते, असे प्रतिपादन केले. त्यांचा समाजशास्त्रीय दृष्टिकोन सहकार्याची नोंद घेतो, पण त्या सहकार्याचा आकार कृतीच्या आकारात कसा उतरतो किंवा उतरत नाही, हे सांगत नाही. ते काम समीक्षेचे आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा श्रेयाचा आहे. तो केवळ न्यायाचा नाही, ज्ञानाचाही आहे. संस्थेचे नाव पुसले गेले की तिच्या अपयशाची कारणेही पुसली जातात. ‘चित्रलेखा’ला कशाने तडा गेला, ‘युक्त’ का विखुरली, ‘ओडेसा’ची वर्गणी दुसऱ्या कथापटासाठी का उभी राहिली नाही, या प्रश्नांना दिग्दर्शकाच्या चरित्रात उत्तर नसते. परिणामी प्रत्येक नवी पिढी सामूहिक निर्मितीचा प्रयोग जणू प्रथमच करते.

मराठीत हा विषय परका मानण्याचे कारण नाही. ‘शब्द’ (१९५५) आणि ‘असो’ (१९६३) यांच्यापासूनचा अनियतकालिकांचा इतिहास आपण कवींच्या नावांनी शिकवतो. सायक्लोस्टाइलची यंत्रे कोणी चालवली, टपालाचे पैसे कोठून आले, हे अभ्यासक्रमात येत नाही. ‘बलुतं’ (१९७८) या दया पवार यांच्या आत्मकथनाचा विचार करताना ते ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने प्रकाशित केले, ही नोंद आपण प्रकाशनस्थळाच्या ओळीत ठेवतो. वाचकाने आधीच हात पुढे केल्याने दलित आत्मकथनाला कोणता अवकाश मिळाला, हा प्रश्न साहित्यशास्त्राचाही आहे.

अलीकडे चित्र काहीसे बदलले आहे. २०१४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ या विनानफा संस्थेने जी. अरविंदन यांचा ‘तम्प्’, मणिपुरी भाषेतील ‘इशानौ’ आणि ‘मंथन’ यांचे पुनरुज्जीवन केले. हे तिन्ही चित्रपट २०२२, २०२३ आणि २०२४ साली क्रमाने कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवले गेले. प्रादेशिक चित्रपटाच्या पाठीशी उभी राहणारी संस्था आता निर्मितीच्या नव्हे, जतनाच्या टोकाला उभी आहे. रिळावरची बुरशी काढणे, तुटलेल्या चौकटी जोडणे, ठिकठिकाणच्या प्रती जुळवणे हे नवे पडद्यामागचे श्रम. त्यांतून चित्रपट वाचतो, पण तो करणाऱ्या मूळ संस्थेचे कागद वाचत नाहीत. जतनासाठी रीळ ही वस्तू ठरली. सभेचे इतिवृत्त, वर्गणीदारांची वही, कर्जाचा पत्रव्यवहार यांना तो मान अद्याप मिळालेला नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींच्या रसाळ कथनापेक्षा अस्सल कागदांना प्रमाण मानले आणि त्यासाठी गावोगावची दप्तरे धुंडाळली. आपला चित्रपटाचा इतिहास अजून बखरीच्या अवस्थेत आहे. त्यात वीरपुरुष आहेत, लढाया आहेत, मृत्यूचे करुण प्रसंग आहेत, दप्तर नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या फिल्म सोसायट्यांचे आणि सहकारी संस्थांचे कार्यकर्ते वृद्ध झाले आहेत, पुष्कळसे गेले आहेत, आणि त्यांच्या घरच्या ट्रंका रद्दीत निघत आहेत. मराठी विभागांतील संशोधकांना विषय मिळत नाही, अशी तक्रार आपण वारंवार ऐकतो. एखाद्या तालुक्याच्या गावातील चित्रमंडळाची हिशेबवही, तिचे सभासद आणि तेथे दाखवल्या गेलेल्या चित्रपटांची यादी एवढ्यावर एक प्रबंध उभा राहू शकतो. तो दिग्दर्शकांविषयी थोडे सांगेल. एका भाषिक समाजाने पाहावयास कसे शिकले आणि त्यासाठी कोणी खुर्च्या मांडल्या, याविषयी मात्र पुष्कळ सांगेल.